अंदमानची तालीम

आमच्या घरात सरकारी नोकरी आईची होती. ती रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होती, आणि बाबा हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक. चार वर्षांतून एकदा सरकारी खर्चाने सहकुटुंब भारतात कुठेही जाऊन येण्याची सवलत आईला मिळायची, आणि तिचं काय करायचं हे बाबा ठरवायचे. पहिल्या खेपेची सवलत अशीच फुकट गेली. काश्मीर की कन्याकुमारी, हे बाबांचं मुदत संपेपर्यंत ठरलं नाही.

दुसरी खेप आली तेव्हा मी सातवीत होते आणि धाकटा भाऊ चौथीत. गणपती नुकतेच गेले होते. एका संध्याकाळी बाबा वाचनालयातून आले ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. हातात एक जुनं मासिक होतं.

"अंदमान," ते म्हणाले. "जंगल, जनावरं आणि ज्वालामुखी. तिन्ही एका ठिकाणी. ठरलं."

आई भाकरी थापत होती. "आधी चपला काढा," एवढंच ती म्हणाली.

आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, ओटीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. कोर्टात बेलिफ म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांनी तिथूनच विचारलं, "अंदमान? कुठल्या कलमाखाली?"

"मामंजी, सहलीला जायचं म्हणतायत हे," आई म्हणाली.

"आमच्या वेळी तिकडे पाठवायला सरकारला खटला चालवावा लागत असे. तुम्ही रजेचा अर्ज करून जाणार. बरं आहे."

बाबांवर या बोलण्याचा काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रॉइंगचे चार मोठे कागद एकमेकांना चिकटवले आणि माजघराच्या भिंतीवर बंगालच्या उपसागराचा नकाशा काढला. रत्नागिरी डावीकडे एका ठिपक्यात, अंदमान उजवीकडे हिरव्यागार ओळीत, आणि त्या ओळीच्या बाजूला, समुद्रात, एक ज्वालामुखी. ज्वालामुखीला त्यांनी लाल आणि नारिंगी पोस्टर कलर इतका लावला, की कागद तिथे फुगला. आठ महिने आम्ही त्या ज्वालामुखीखाली बसून जेवलो. पाहुणे आले की त्यांना आधी नकाशा दाखवला जाई, मग पाणी विचारलं जाई.

बाबांना ज्वालामुखीबद्दल आता सगळं कळू लागलं होतं. आपल्या सड्यावरचा, त्या उघड्या पठारावरचा, काळा कातळ आणि त्यावरचा जांभा दगड, दोन्ही मुळात लाव्ह्याचेच, असं त्यांनी एकदा जेवताना सांगितलं. "म्हणजे आपण ज्वालामुखीवरच राहतो."

"मग एवढं लांब कशाला जायचं?" आजोबा म्हणाले. "सड्यावर खुर्ची टाकून बस."

बाबांच्या स्वभावाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. गावातल्या हौशी नाटकमंडळींत ते बरीच वर्षं प्रॉम्प्टर होते. स्वतः कधी रंगमंचावर आले नाहीत, पण विंगेत वही घेऊन उभे राहण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तिथून त्यांना एक खात्री पटली होती, की जगातलं कुठलंही काम तालमीशिवाय होत नाही. तेव्हा अंदमानचीही तालीम घ्यायची ठरली. रविवारी सकाळी आई ड्युटीवर गेली की आमची तालीम सुरू व्हायची. आई एकाही तालमीला आली नाही. तिला वेळच नव्हता.

पहिली तालीम जंगलाची. एसटीने पाली ओलांडून आंबा घाटात गेलो. सप्टेंबर संपत आला होता आणि जळवा अजून होत्या. बाबांनी आमच्या मोज्यांना तंबाखूचं पाणी लावलं होतं. जळवा लागल्या नाहीत, पण परतीच्या एसटीत आमच्या शेजारी कोणी बसलंही नाही. रानात शिरताना बाबांनी बजावलं होतं, की जनावर बघायचं तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आम्ही पावलं मोजून टाकत होतो. एका उंच झाडावर शेकरू दिसलं, तांबूस, झुपकेदार शेपटीचं. बाबांनी आम्हाला सावध करायला कुजबुजून सांगितलं, "हलू नका. वर बघा."

आता बाबांची कुजबूज ही प्रॉम्प्टरची कुजबूज. पडद्याआडून बोललेलं शेवटच्या रांगेत ऐकू जाई, अशी तिची ख्याती होती. शेकरू तर गेलंच, शेजारच्या झाडावरचे पक्षीही गेले, आणि खाली रस्त्यावर एक गुराखी थांबून म्हणाला, "काय झालं हो?"

दुसरी तालीम समुद्राची. मद्रासहून जहाजाने चार दिवस जायचं, म्हणजे पोटाला सवय हवी. ओळखीच्या एका खलाशाने आम्हाला त्याच्या मच्छीमार बोटीवर घेतलं. बाबांनी टोपी घातली होती आणि वहीत 'लाटांची उंची' असा रकाना आखला होता. आम्ही दोघं भावंडं शेंगदाणे खात टोकाला बसलो. थोड्या वेळाने बाबा गप्प झाले. मग त्यांनी वही माझ्याकडे दिली. मग टोपी दिली. मग ते कठड्याशी जाऊन वाकले.

"परत फिरव रे बाबा," ते खलाशाला म्हणाले. "आजच्यापुरतं पुरे."

"मास्तर," खलाशी म्हणाला, "अजून नांगर नाय उचललाय."

घरी आल्यावर भावाने हे सगळं आजोबांना साभिनय करून दाखवलं. आजोबा हसले नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरच्या नकाशाजवळ जाऊन मद्रास ते पोर्ट ब्लेअर हे अंतर बोटांनी मोजलं आणि परत जाऊन बसले.

आमच्या या तालमी चालू होत्या तेव्हा सहलीची खरी तयारी भलतीकडेच होत होती. ती ट्रंक बोर्डावर होत होती, आणि आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता.

आईची एक मैत्रीण होती, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं. मद्रासच्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर. रत्नागिरीतून मद्रासला कॉल तसे थोडे, आंब्याच्या दिवसांतच काय ते वाढायचे. पण नऊ-दहा वर्षांत लाइन जोडता जोडता, लाइन स्वच्छ आहे का हे तपासता तपासता, दोघींची ओळख झाली होती. दोघींचं बोलणं कामापुरत्या इंग्रजीत आणि त्याहून कमी हिंदीत चालायचं. तरी त्या बाईंच्या सासूचा दमा, मुलाची मुंज, नवऱ्याची पोस्टिंग हे सगळं आईला माहीत होतं. आमच्याकडे तिचं नाव मद्रासवाली. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा पोर्ट ब्लेअरला बंदराच्या बांधकामावर होता. जहाजं कधी सुटतात, कोणत्या वर्गात बायकामुलांची सोय बरी, उतरायचं कुठे, जंगल दाखवणारा माणूस कोण, हे सगळं त्या मेव्हण्याकडून मद्रासवालीकडे आणि तिच्याकडून आईकडे येत होतं, तुकड्या-तुकड्यांनी, दोन कॉलांच्या मधल्या वेळात.

फेब्रुवारीत एक दिवस आई ड्युटीवरून आली आणि पर्स खुंटीला लावता लावता म्हणाली, "ज्वालामुखीचं विचारलं. तुम्ही काढलाय तो समुद्रातला, तिथे कोणाला उतरू देत नाहीत."

बाबांचा चेहरा पडला.

"पण दुसरा एक आहे म्हणाली. होडीने जायचं, मग थोडं जंगलातून चालायचं. गुड व्होल्कॅनो."

"गुड म्हणजे?"

"गुड म्हणजे चांगला. बघण्यासारखा. तिने दोनदा सांगितलं, गुड व्होल्कॅनो, गुड व्होल्कॅनो."

आईच्या कानांवर शंका घेण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. तिच्या हाताखालच्या मुली सांगायच्या, की वादळात, विजा कडाडत असताना, जो नंबर कोणाला ऐकू येत नाही तो बाईंना ऐकू येतो. बाबांनी लगेच हिरव्या पट्ट्यात दुसरा ज्वालामुखी काढला. पहिल्यापेक्षा थोडा मोठा.

आमचं निघायचं ठरलं निकाल लागल्यावर, मे महिन्याच्या सुरुवातीला. ते ऐकून आजोबांनी पहिल्यांदा खरोखरीचा विरोध केला. काळं पाणी त्यांनी चालवून घेतलं होतं, पण ऐन आंब्यात रत्नागिरी सोडून जाणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. "जगभरातले लोक आंब्यासाठी इकडे तोंड करून बसतात, आणि हा मगरी बघायला निघालाय," ते म्हणाले. शेवटी मद्रासवालीसाठी हापूसची पेटी न्यायची आणि आम्ही वाटेत खायला वेगळे आंबे घ्यायचे, या अटीवर ते राजी झाले. त्यांच्या सोबतीला खेडहून आत्या येणार होती.

निघायला दहा दिवस होते तेव्हा बाबांनी सामान भरण्याची रंगीत तालीम ठेवली. ट्रंक, वळकटी, पाण्याची सुरई, टॉर्च, दुर्बीण. दुर्बीण शाळेची होती आणि तिच्या एकाच डोळ्यातून दिसायचं. आम्ही सगळं सामान उचलून दरवाजापर्यंत जायचं आणि बाबांनी घड्याळ लावायचं. तिसऱ्यांदा दरवाजापर्यंत गेलो तेव्हा समोरून आई आली.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली. "जहाज आठ दिवस पुढे गेलंय."

बाबा ट्रंकेवरच बसले. "आता रिझर्वेशन? तुझी रजा? पोर्ट ब्लेअरची खोली?"

"झालं सगळं. मद्रासवालीचा सकाळीच निरोप आला. साहेबांकडून रजा पुढे ढकलून घेतली. पुण्याच्या ऑपरेटरने स्टेशनवर माणूस पाठवून गाडीची तारीख बदलून घेतली. पोर्ट ब्लेअरला तार गेली. आंब्याची पेटीही पुढच्या आठवड्यातल्या आढीतली द्यायला सांगितलीय."

एका पाळीत, स्टुलावरून न उठता, तिने हे केलं होतं. मला वाटलं बाबा खूश होतील. पण त्यांनी हातातलं घड्याळ बंद करून खिशात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मला विचारायचं तरी."

आईने पदराने मान पुसली. "विचारलं असतं तर तुम्ही तालीम घेतली असती."

ती सहज बोलली, नेहमीसारखं. पण बाबांना लागलं. दोन दिवस ते घरात अगदी पाहुण्यासारखे वागले. मागितल्याशिवाय मीठही घेत नव्हते. आईच्या ते लक्षात आलं होतं, कारण तिने त्या दोन दिवसांत त्यांच्या आवडीची फणसाची भाजी दोनदा केली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर नकाशावरची जुनी तारीख पांढऱ्या रंगाने पुसून बाबांनी नवी लिहिली होती. अक्षर फार सुरेख होतं. बोलणं सुरू झालं, ते पूर्वीसारखं मात्र नव्हतं. आता प्रत्येक गोष्टीला ते म्हणायचे, "तुझ्या मद्रासवालीला विचार."

एसटीने पुणे आणि पुण्याहून मद्रासची गाडी. डब्यात आंब्यांचा असा घमघमाट सुटला होता, की सोलापूर येईपर्यंत सगळा डबा आमच्याशी ओळख काढून बसला. मद्रास स्टेशनवर उतरलो आणि आईच्या लक्षात आलं, की मैत्रिणीला ओळखायचं कसं हे तिने विचारलंच नव्हतं. "निळी साडी नेसून येते," एवढंच ठरलं होतं. प्लॅटफॉर्मवर निळ्या साड्या पंधरा तरी होत्या. बाबा टाचा उंचावून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान होतं.

आईने पेटी खाली ठेवली, सरळ उभी राहिली आणि ड्युटीवरच्या आवाजात, मोठ्याने म्हणाली, "हॅलो मद्रास! रत्नागिरी कॉलिंग!"

पुस्तकांच्या गाड्याशी उभी असलेली एक ठेंगणी, चष्मा लावलेली बाई गर्रकन वळली. धावतच आली. आणि मग मोठी पंचाईत झाली, कारण दहा वर्षं बोलणाऱ्या त्या दोघींना समोरासमोर काही बोलताच येईना. एकमेकींचे हात धरून त्या नुसत्या उभ्या होत्या. आई माझ्याकडे बघत होती, ती भावाकडे बघत होती. शेवटी मद्रासवालीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली की ऑपरेटर विचारते तसं म्हणाली, "थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड?"

मग दोघी इतक्या हसल्या, की हमालही हसायला लागला.

जहाजाबद्दल मी फार लिहीत नाही. बाबांनी ज्याची तालीम घेतली होती ते त्यांनी चार दिवस इमानदारीने केलं. ज्या आईने एकही तालीम केली नव्हती ती डेकवर बसून जहाजावरचा सांबार-भात दोनदा मागून घेत होती. खाली येऊन ती बाबांना लिंबू हुंगायला द्यायची आणि त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवायची.

पोर्ट ब्लेअरला मद्रासवालीचे मेव्हणे घ्यायला आले होते. अतिशय सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. दोन दिवसांनी ते आम्हाला ज्वालामुखीकडे घेऊन निघाले. आधी मोठी बोट, मग होडी. खाडीच्या दोन्ही बाजूंना खारफुटीची मुळं पाण्यात उतरलेली. चिखलात एक मगर तोंड उघडून पडली होती, आणि ती खरी आहे यावर भावाचा विश्वास बसेना. मग जंगलातली वाट. एवढी उंच झाडं आम्ही पाहिली नव्हती. बाबांनी नवं स्केचबुक आणि लाल, नारिंगी, पिवळ्या खडूंची पेटी गळ्यातल्या पिशवीत घेतली होती. ते सगळ्यांच्या पुढे चालत होते.

झाडं संपली आणि एक मोकळी जागा आली. राखाडी चिखलाची. मधे गुडघाभर उंचीचे दोन-तीन उंचवटे होते. एका उंचवट्याच्या टोकावर चिखलाचा बुडबुडा हळूहळू फुगला, थांबला, आणि फुटला. बुळ्ळुक.

आम्ही वाट पाहिली. थोड्या वेळाने पुन्हा झालं. बुळ्ळुक.

"बाबा, ज्वालामुखी कुठेय?" भावाने विचारलं.

मेव्हण्यांनी आदराने हात पुढे केला. "यही है. मड व्होल्कॅनो."

मड. आम्ही तिघं वळून आईकडे बघायला लागलो. आईचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. कान लाल झाले होते. ती चिखलाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी लाइन खराब होती."

आधी बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, त्यांना पुन्हा उलटी होतेय. मग ते खालीच बसले, ओल्या मातीत, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिले. "गुड व्होल्कॅनो," ते मधेच म्हणायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. आई आधी रागावली, मग तीही त्यांच्या शेजारी बसली. दोघं कितीतरी वेळ त्या चिखलासमोर बसून हसत होती आणि चिखल आपल्या वेळेवर बुळ्ळुक करत होता. गावी त्या दोन दिवसांपासून जी गोष्ट दोघांत साचून राहिली होती ती तिथे गेली, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त एवढं कळलं, की बाबांनी राखाडी रंग नाही म्हणून बोटाने चिखल घेऊन चित्र काढलं, आणि कागद धरायला आईला सांगितलं.

परत यायच्या आदल्या दिवशी सकाळी वनखात्यातला एक म्हातारा चौकीदार आम्हाला आतल्या जंगलात घेऊन गेला. पाऊस पडून गेला होता आणि झाडं अजून गळत होती. चौकीदार पुढे, मागे आम्ही. तासभर चाललो तरी काही दिसलं नाही. बाबा आपल्या परीने कुजबुजत होते. एका जाडजूड मुळावर आई बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही जरा गप्प बसा."

तिने डोळे मिटले. दोन्ही कानांवर तळवे नेले, जसा हेडफोन नीट करावा तसे, आणि मग खाली घेतले. आम्हाला नुसता पाण्याचा टपटप आवाज येत होता.

"तिकडे," ती म्हणाली, डोळे न उघडता. "उजवीकडे, बरंच वर. दोघं आहेत. एक ठोकतंय, मग दुसरं उत्तर देतंय."

चौकीदाराने तिकडे पाहिलं, दोन पावलं सरकला, आणि बोट वर केलं. एक मोठा काळाकुट्ट सुतारपक्षी, डोक्यावर लालभडक तुरा, सुकलेल्या खोडाला धरून बसला होता. त्याने टकटक केलं आणि थांबला. पलीकडच्या झाडावरून तसंच टकटक परत आलं. शाळेच्या दुर्बिणीतून, एका डोळ्याने, आम्ही पाळीपाळीने त्याला पाहिलं. त्यानंतर तासाभरात आईने आणखी पाच ठिकाणं सांगितली, आणि पाचही ठिकाणी काही ना काही निघालं. एकदा तर झुडपामागची घोरपड निघाली.

"मेमसाब शिकारी के घर की हैं?" चौकीदाराने बाबांना विचारलं.

"टेलिफोनवाली हैं," बाबा म्हणाले. इतक्या अभिमानाने त्यांनी दुसऱ्या कोणाबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

परतल्यावर जूनमध्ये वाचनालयात बाबांचं व्याख्यान झालं. चाळीसेक माणसं जमली होती, पुढच्या खुर्चीत आजोबा. बाबांनी मोठी चित्रं टांगली होती. चिखलाचा ज्वालामुखी सुरुवातीला गुडघ्याएवढा होता, पाच मिनिटांनी कमरेएवढा झाला, आणि तो छातीपर्यंत आला तेव्हा आजोबा नुसते खाकरले. मागून कोणीतरी विचारलं, "मास्तर, जंगलात आवाज कसले येतात हो?"

बाबांनी दुसऱ्या रांगेत बसलेल्या आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते हिला विचारा. तिने ऐकलेत."

आईला हजारो माणसांशी बोलायची सवय होती, पण त्यातल्या एकालाही ती दिसत नसे. ती उठली, पदर सारखा केला, आणि बराच वेळ समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने त्या पाठीवर बोटांनी टकटक केलं, थांबली, आणि दुसऱ्या हाताने हळूच उत्तर दिलं. ती बोलायला लागली ती अर्धा तास बोलली. बाबा टेबलाच्या कडेला बसून ऐकत होते. मधे तिला एक शब्द आठवेना तेव्हा त्यांनी तो सांगितला नाही. ती थांबली, तिला तो सापडला, आणि ती पुढे गेली.

शेवटी टाळ्या झाल्या, आणि आजोबांनी चहाचं काय झालं म्हणून विचारलं.